तापलेल्या पाण्याला जागा हवी!

विद्यार्थिमित्रांनो, एक साधा प्रश्न विचारतो. नळ्यांच्या एका बंद जाळ्यात १०० लिटर पाणी भरलेले आहे. ते १० अंश सेल्सिअसपासून ९० अंशांपर्यंत तापवले, तर फुगलेले पाणी सामावून घेण्यासाठी केवढे भांडे जोडावे लागेल? तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? प्रसरणांक घ्यायचा, गुणाकार करायचा, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या. मी सांगतो, असे काढलेले उत्तर घेऊन तुम्ही खऱ्या घरात गेलात, तर पहिल्याच रात्री जमिनीवर पाणी होईल.

हा प्रश्न काल्पनिक नाही. थंड देशांतील लाखो घरांत तो सोडवलेला आहे. या एकाच प्रश्नात आपल्या पाठ्यपुस्तकातील तीन धडे एकत्र येतात : द्रवाचे प्रसरण, वायूचा नियम आणि द्रवस्तंभाचा दाब. तरीही आपल्या शाळा-महाविद्यालयांत असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारला जावा, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते सांगण्यासाठी आधी ते घर पाहू.

बंब आणि बॉयलर

इंग्लंडमधील एखादे दुमजली घर डोळ्यांसमोर आणा. हिवाळ्यात बाहेर कडाक्याची थंडी असते. स्वयंपाकघरात भिंतीवर एक छोटा बॉयलर असतो. त्यात तापलेले पाणी पंपाच्या साहाय्याने नळ्यांतून खोल्याखोल्यांत जाते. तेथे खिडकीखाली रेडिएटर म्हणजे पोलादी पत्र्याच्या चपट्या पोकळ पेट्या असतात. पाणी त्यांतून फिरते, खोलीला उष्णता देते आणि निवून पुन्हा बॉयलरकडे येते. पाणी तेच, फेऱ्या मात्र अखंड.

आपल्याकडे न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. त्यातले पाणीही तापून फुगायचेच. पण बंब काही घट्ट बंद नसे, त्यामुळे पाण्याची पातळी थोडी चढली तरी कोणाचे काही बिघडत नसे. इंग्लंडमधील घरांतही बराच काळ अशीच उघडी व्यवस्था होती. छपराखालच्या माळ्यावर एक छोटी टाकी असे. फुगलेले पाणी नळीतून तिच्यात चढे आणि निवल्यावर परत खाली येई. व्यवस्था सोपी खरी, पण तिच्यात दोष होते. टाकीतले पाणी हवेच्या संपर्कात राही, हवेतला ऑक्सिजन पाण्यात विरघळे आणि आतून पोलाद गंजे. शिवाय थंडीने माळ्यावरच्या नळ्या गोठण्याची भीती असे, ती वेगळीच.

म्हणून संपूर्ण बंद यंत्रणा पुढे आली. कल्पना जुनी आहे. अँगिअर मार्च पर्किन्स याने १८३१ साली लंडनमध्ये उष्ण पाण्याच्या बंद यंत्रणेचे पेटंट घेतले होते. फुगलेल्या पाण्याला जागा मिळावी म्हणून तिच्या वरच्या टोकाला एक मोकळी नळी ठेवलेली असे. आजच्या घरांत या नळीचे काम एक छोटे पोलादी भांडे करते. त्याला आपण प्रसरण-पात्र म्हणू.

या पात्राच्या आत मधोमध रबराचा लवचीक पडदा असतो. एका बाजूला दाब देऊन भरलेली हवा किंवा नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला यंत्रणेतले पाणी. पाणी फुगले की ते पडदा ढकलते, हवा आक्रसते. पाणी निवले की हवा पडदा परत रेटते. पडदा नसता, तर दाबाखाली हवा हळूहळू पाण्यात विरघळून गेली असती. हवेच्या बाजूला मोटारीच्या चाकाला असते तशीच झडप असते आणि चाकाच्याच पंपाने तीत हवा भरता येते.

पात्र नसेल तर?

पाणी दाबले जात नाही, असे आपण ढोबळपणे म्हणतो. नेमके सांगायचे तर त्याचे आकारमान १ टक्क्याने कमी करायला सुमारे २२० बार दाब लागतो. एक बार म्हणजे जवळजवळ वातावरणाच्या दाबाइतका दाब. आता ४० अंशांच्या आसपास पाणी एका अंशाला सुमारे ०.०४ टक्के फुगते. नळ्या पूर्ण भरलेल्या असतील आणि फुगायला जागाच नसेल, तर एकेका अंशाला दाब सात-आठ बारने वाढेल! घरगुती यंत्रणेतली सुरक्षा-झडप साधारणपणे ३ बारला उघडते. म्हणजे पात्र नसेल, तर बॉयलर पुरता तापण्याआधीच झडप उघडून पाणी बाहेर पडेल.

तेव्हा पात्र हवेच. प्रश्न उरतो, केवढे?

पहिला टप्पा : पाणी किती फुगते?

पुस्तकातल्या कोष्टकात पाण्याचा घनीय प्रसरणांक दर अंशाला ०.०००२०७ असा दिलेला असतो. तो वापरून ८० अंशांसाठी गुणाकार केला, तर १०० लिटर पाण्याचे प्रसरण १.६६ लिटर येते. गुणाकार बिनचूक, पण उत्तर निम्म्याहूनही कमी! कारण तो प्रसरणांक २० अंशांचा आहे आणि पाण्याचा प्रसरणांक स्थिर राहत नाही.

पाण्याचे असंगत आचरण तुम्ही शिकला आहात. ४ अंशांना पाणी सर्वांत घन असते. तेथे प्रसरणांक शून्य असतो आणि पुढे तो वाढतच जातो. १० अंशांना १०० लिटर असलेले पाणी पुढील तापमानांना किती जागा व्यापते पाहा : २० अंशांना १००.१५ लिटर, ३० अंशांना १००.४, ५० अंशांना १०१.२, ७० अंशांना १०२.२, ८० अंशांना १०२.९ आणि ९० अंशांना १०३.६ लिटर. पहिल्या दहा अंशांत ०.१५ लिटर वाढ, शेवटच्या दहा अंशांत सुमारे ०.७ लिटर. साडेचार पटींहून अधिक!

म्हणून एका प्रसरणांकाने गुणण्याऐवजी दोन टोकांच्या घनता पाहणे उत्तम. १० अंशांना घनता ९९९.७ आणि ९० अंशांना ९६५.३ किलोग्रॅम प्रति घनमीटर. पहिलीला दुसरीने भागा, १.०३५६ येते. म्हणजे प्रसरण ३.५६ लिटर, आपण ३.६ धरू. नळ्या आणि रेडिएटरही तापून थोडे फुगतात. तांब्याच्या बाबतीत आतली जागा ८० अंशांत ०.४ टक्के वाढते, पोलादाच्या बाबतीत त्याहून कमी. ही वाढ आपल्या सोयीची असल्याने हिशेबात धरत नाहीत. तेवढी सावधगिरी बरी.

दुसरा टप्पा : हवा किती आक्रसते?

३.६ लिटर पाण्याला जागा हवी म्हणून ३.६ लिटरचे पात्र चालेल का? मुळीच नाही. मग पात्रातली हवा जाईल कोठे? तिचे आकारमान शून्य करावे लागेल! येथे रॉबर्ट बॉइल मदतीला येतो. त्याने १६६२ साली प्रसिद्ध केलेला नियम तुम्हाला पाठ आहे : तापमान कायम असेल तर वायूचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार स्थिर असतो.

घरातल्या दाबमापकाच्या चाकाकडे पाहू. थंड असताना हवेचा दाब १ बार ठेवला आहे. तापल्यावर काटा २.५ बारच्या पुढे जाऊ द्यायचा नाही; ३ बारच्या झडपेपासून तेवढे अंतर राखायचे. घाईने कोणी म्हणेल, हवेचे आकारमान २.५ भागिले १, म्हणजे अडीच पट कमी होईल, म्हणून पात्राचा ६० टक्के भाग पाण्याला मिळेल, ३.६ भागिले ०.६ बरोबर ६ लिटर.

हे चूक आहे. दाबमापकाचा काटा वातावरणाच्या दाबाच्या वर किती दाब आहे तेवढेच दाखवतो. बॉइलचा नियम मात्र निरपेक्ष दाबाचा आहे. बॉइलने स्वतः पारा भरलेल्या वाकड्या नळीवर प्रयोग केला, तेव्हा पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत वातावरणाच्या दाबाचे सुमारे २९ इंच त्याने न विसरता मिळवले होते. आपणही १ बार मिळवू. थंड असताना २ बार, तापल्यावर ३.५ बार. हवेचे आकारमान २ भागिले ३.५, म्हणजे ०.५७ पट होईल. पाण्याला मिळेल पात्राचा फक्त ०.४३ भाग. ३.६ भागिले ०.४३ बरोबर ८.४ लिटर.

आता ६ लिटरचे पात्र बसवणाऱ्याची काय गत होईल पाहा. हवा ६ लिटरवरून २.४ लिटरवर येईल. निरपेक्ष दाब ५ बार, काट्यावर ४ बार. पण तिथवर काटा पोहोचणारच नाही. ३ बारला झडप उघडेल आणि पाणी वाहून जाईल. यंत्रणा निवल्यावर तेवढे पाणी कमी पडेल, काटा शून्याकडे येईल. घरमालक नळ उघडून नवे पाणी भरेल. नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन येईल, पोलाद गंजेल, काळा गाळ साचेल. उद्या पुन्हा तेच. अशा रीतीने बंद यंत्रणेचा मुख्य फायदाच नाहीसा होतो, आणि तो एका विसरलेल्या बेरजेपायी!

आणि ज्याने दोन्ही चुका केल्या, त्याचे काय? १.६६ भागिले ०.६ बरोबर २.८ लिटर. साडेतीन लिटरांहून अधिक पाणी तो पावणेतीन लिटरांच्या भांड्यात भरू पाहतो आहे.

ठोकताळ्याची मर्यादा

तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, "सर, नळकाम करणारा कारागीर हे सगळे करतो का?" बहुधा करत नाही. त्याच्याकडे ठोकताळा असतो : पाण्याच्या दहा टक्के पात्र. १०० लिटरला १० लिटर. हा ठोकताळा टाकाऊ नाही. आपल्या ८.४ च्या वर तो थोडी सावधगिरी ठेवतो. ठोकताळा म्हणजे कोणीतरी पूर्वी केलेला हिशेबच. फक्त त्याच्या अटी पुसून गेलेल्या असतात.

त्या अटी बदलल्या की काय होते? लंडनमधील जुन्या उंच घरांत बॉयलर तळघरात आणि सर्वांत वरचा रेडिएटर १५ मीटर वर असू शकतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार, म्हणून १५ मीटरचा दीड बार. वरपर्यंत पाणी निश्चित भरलेले राहावे म्हणून आणखी ०.३ मिळवा. थंड असतानाचा दाब १.८ झाला, निरपेक्ष २.८. वरची मर्यादा तीच, ३.५. आता पाण्याला पात्राचा फक्त पाचवा भाग मिळतो. ३.६ लिटरसाठी १८ लिटरचे पात्र हवे! पाणी तेवढेच, तापमान तेच; फक्त घर उंच, आणि ठोकताळा जवळजवळ निम्म्यावर फसला.

दुसरे उदाहरण. आपल्या दुमजली घरात ८.४ च्या जागी बाजारात मिळणारे १२ लिटरचे पात्र बसवले. तापल्यावर काटा १.९ च्या आसपास थांबतो, उत्तम. पण घरमालकाला वाटले, थोडे जास्त पाणी भरलेले बरे, आणि त्याने थंड असतानाच काटा १ वरून १.५ वर नेला. पात्रातली हवा १२ वरून ९.६ लिटरवर आली. तापल्यावर पाण्याने आणखी ३.६ लिटर जागा घेतली. उरली ६ लिटर. १२ लिटरांत २ बार असलेली हवा ६ लिटरांत ४ बारची होते, काट्यावर बरोबर ३. झडप ठिबकू लागली! चांगल्या हेतूने भरलेल्या अर्ध्या बारने हे केले. नियम कळला असता, तर हात नळावर थांबला असता.

माझे म्हणणे

परीक्षेत ८.४ या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. ६ लिहिणाऱ्याचे उत्तर चूक आणि १२ लिहिणाऱ्याचेही तितकेच चूक. खऱ्या घरात मात्र १२ लिटरचे पात्र वर्षानुवर्षे विनातक्रार चालेल. थोडी किंमत आणि थोडी जागा जास्त लागेल इतकेच. ८ लिटरचे घेतले, तर काटा २.६ वर जाईल. चालेल, पण राखून ठेवलेले अंतर खाऊन. ६ लिटरचे पात्र घरात पाणी करील. चुकांची बाजू महत्त्वाची असते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतच नाही. उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे हे विचारतो. ते चुकले तर कोणत्या बाजूला चुकलेले परवडेल, हे विचारत नाही. पूल, धरण, औषधाची मात्रा, घरातील वीजतारेची जाडी, सगळीकडे हाच प्रश्न असतो.

यावर काही शिक्षक म्हणतील, "आमच्या गावात रेडिएटर नाही, मुलांनी तो पाहिलेला नाही, हे उदाहरण त्यांच्या अनुभवाबाहेरचे आहे." आक्षेप योग्य आहे. अनुभवातून विज्ञान शिकवावे, हे मलाही मान्य आहे. पण अनोळखी उदाहरणाचा एक गुण आहे : त्याचे उत्तर पाठ केलेले नसते. वर्गात मी हा प्रश्न घालतो, तेव्हा पाठांतरात पुढे असलेले विद्यार्थी आधी सूत्र शोधतात आणि थबकतात, घरी पंक्चरचे दुकान असलेला मुलगा मात्र चटकन विचारतो, "सर, हा दाब काट्यावरचा की खरा?" हा प्रश्न ज्याला सुचला, त्याला बॉइल समजला असे मी मानतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम मोठा, तासिका थोड्या. पण मी काही जादा धडा मागत नाही. एकाच साच्यातली दहा उदाहरणे आपण सोडवून घेतो, त्यांतली नऊ ठेवा आणि दहाव्याच्या जागी असे एक घाला, ज्यात आकडे विद्यार्थ्याने स्वतः शोधायचे आहेत आणि शेवटी 'हे उत्तर वापरले तर काय होईल?' याचे दोन वाक्यांत उत्तर द्यायचे आहे. एक तासिका पुरेल.

आपल्या घरात

आणि खरोखरच हे सगळे आपल्यापासून इतके दूर आहे का? न्हाणीघरातला विजेचा गीझर पाहा. २५ लिटर पाणी २५ अंशांपासून ६५ अंशांपर्यंत तापले, तर ते ०.४ लिटरहून अधिक फुगते. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल, तर हे फुगलेले पाणी आल्या वाटेने मागे सरकते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण त्या वाटेवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवली, जशी दाब वाढवणाऱ्या पंपांबरोबर अनेकदा बसवतात, की परतीची वाट बंद होते. मग गीझरच्या सुरक्षा-झडपेवर सारी भिस्त राहते. ती ठिबकते म्हणून कोणी तिला बूच मारू पाहील, तर त्याला तेथेच थांबवा. ती झडप बिघडलेली असेलच असे नाही. कदाचित ती आपले काम करीत असेल.

एक प्रयोगही सांगतो. काचेचा चंबू रंगीत पाण्याने काठोकाठ भरा. एक भोक असलेल्या बुचातून दोन्ही टोकांना उघडी अशी बारीक काचनळी बसवा आणि चंबू गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. तापमापीवर दर पाच अंशांना थांबून नळीतल्या पातळीची खूण करा. खुणांमधील अंतर सारखे येते का, की वाढत जाते, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. नळीचे वरचे टोक मात्र कधीही बंद करू नका. का करू नये, ते आता तुम्हाला सांगायला नको!

शेवटी, तुमच्यासाठी एक उदाहरण. युरोपात अलीकडे गॅसच्या बॉयलरऐवजी उष्णता-पंप बसवू लागले आहेत. त्यांत पाणी तितके तापवावे लागत नाही, पण अनेकदा एक जादा टाकी असल्याने पाणी जास्त असते. समजा, २०० लिटर पाणी १० अंशांपासून ५० अंशांपर्यंतच तापते. दाब पहिल्या घरासारखेच, थंड असताना १ आणि तापल्यावर २.५ बार. वर दिलेल्या आकड्यांवरून पात्र काढा. मग दहा टक्क्यांच्या ठोकताळ्याशी ताडून पाहा आणि या वेळी ठोकताळा कोणत्या बाजूला चुकतो ते लिहा. उत्तर येथे छापत नाही. तुमच्या शिक्षकांना दाखवा आणि त्यांच्याशी वाद घाला. त्या वादातच खरे भौतिकशास्त्र आहे.